ऊन विकायचं दुकान

“वहिनी, ऐकलंत का? आमचे जावई ऊन विकायचं दुकान काढतायत.”

माईंना बातमी कधी सरळ सांगता येत नाही. आधी शेपूट दाखवायचं आणि समोरच्याने विचारत विचारत डोक्यापर्यंत पोचायचं. मी कढीपत्त्याची डहाळी मेंदीच्या कुंपणावरून त्यांच्या हातात दिली (ती मागायलाच आल्या होत्या) आणि म्हटलं, “कुठलं ऊन? आपल्या सांगलीत एप्रिलमध्ये फुकट मिळतं ते?”

“इथलं नाही हो. ओहायोत, कोलंबसला. तिकडे हिवाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. मग ती गोरी माणसं दुकानात जाऊन पलंगावर आडवी होतात, वरून झाकण ओढून घेतात, आत दिवे लागतात आणि दहा-बारा मिनिटांनी भाजून बाहेर येतात. टॅनिंग सलून म्हणतात. लेकीने काल फोनवर दाखवलं. मला तर बाई धडकीच भरली, जित्या माणसाला पेटीत घालतात!”

“आणि वर पैसे मोजतात?”

“महिन्याच्या महिन्याला! आणि आपण इथे पोरींच्या तोंडाला स्कार्फ बांधून त्यांना स्कूटरवर पाठवतो.”

तो विषय वाढला असता तर माई लेकीच्या लग्नातल्या मेकअपपर्यंत गेल्या असत्या, म्हणून मी विचारलं, “पण जावई सॉफ्टवेअरमध्ये ना?”

माईंचा आवाज उतरला. म्हणजे खरी बातमी आत्ता. “कंपनीत माणसं कमी करतायत. जावयांचं नाव अजून आलेलं नाही, पण झोप उडालीय. कोणी एक सल्लागार भेटलाय. पै न घेता सल्ला देतो. तोच म्हणाला, टॅनिंगच्या साखळीची फ्रँचायझी घ्या, तीस हजार डॉलर भरले की दुकान तुमचं. तीस हजार काय, ते जमवतीलही. पण मग बाकीच्यासाठी म्हणून आमच्या ह्यांना विचारलंय.”

“पै न घेता?” ओसरीवरून, पेपराच्या आडून, आमच्या ह्यांचा आवाज आला. ह्यांची सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीचशी तासगाव-मिरजेकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजना कर्जं देण्यात. भाजी काय करू विचारलं तर ऐकू येत नाही. फी, हप्ता, तारण यांतलं काहीही दोन घरं पलीकडे बोललं गेलं तरी ऐकू येतं. “माई, तो दलाल असणार. गिऱ्हाइकाकडून काही घेत नाहीत हे खरं. गिऱ्हाइकाने सही केली की कंपनी त्यांना कमिशन देते. जावयांना म्हणावं, कागद मागवा. तिकडे कायदा आहे. पैसे घ्यायच्या किंवा सही करून घ्यायच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने सगळी माहिती लेखी द्यावी लागते. तेवीस कलमांचा दस्त असतो.”

“अण्णा, तुम्हाला हे कसं ठाऊक?”

“आमच्या ह्यांना गावातलं सोडून सगळं ठाऊक असतं,” मी म्हटलं.

कागद आले. तीनशेच्या वर पानं, जावयांनी ईमेलने पाठवली. ह्यांनी ती टॅबवर मोठी करून वाचली आणि रोज संध्याकाळी पाच वाजता कुंपणाशी खुर्ची टाकून बसू लागले. पलीकडे माई भाजी निवडायला घेऊन येत. नाना, म्हणजे माईंचे यजमान, पहिले दोन दिवस लांबूनच झाडांना पाणी घालत होते. झाडांना इतकं पाणी त्या बागेने कधी बघितलं नसेल.

“पाचवं कलम फीचं. ते तीस हजार इथे आहेत,” हे म्हणाले. “सातवं कलम वाचा. दुकान उघडेपर्यंतचा एकूण खर्च. जावयांनी बारा पलंगांच्या दुकानाचा स्वतःचा तक्ता केलाय, तो याच कलमावरून. तीन हजार चौरस फुटांची जागा. तिथे खोल्या पाडायच्या, कारण प्रत्येक पलंगाला दार लागतं, वायरिंग, एसी, फरशी, अपंगांना वापरता येईल अशी खोली आणि स्वच्छतागृह: दोन लाख चाळीस हजार डॉलर. पलंग आणि रंग फवारायची एक खोली: तीन लाख. पाटी, संगणक, फर्निचर: तीस हजार. लोशनचा माल आणि उद्घाटनाची जाहिरात: पंचवीस हजार. पहिल्या तीन महिन्यांचं खेळतं भांडवल: पंचाहत्तर हजार. त्यात फी मिळवा.”

“किती झाले?”

“सात लाख.”

“सात लाख म्हणजे तसे...”

“डॉलर, माई. सहा कोटी रुपयांच्या वर.”

पलीकडे नळीतलं पाणी एकाच गुलाबावर पडत राहिलं.

माईंना पलंगांचे तीन लाख पटेनात. मलाही नाही पटले. लोखंड, ॲक्रिलिक आणि नळ्या, त्यात एवढं काय? पण त्यातही साधा, मधला, भारी असे दर्जे आहेत. साधा पलंग पाच-दहा हजारांत येतो, चेहऱ्याला वेगळे दिवे असलेला भारी पलंग तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो, आणि फ्रँचायझीत कोणते घ्यायचे हे कंपनी ठरवते. गिऱ्हाइकाला आधी साध्यावर निजवायचं, मग महिन्याला थोडे जास्त देऊन वरच्या दर्जावर चढवायचं, असा तो धंदा. हे पलंग अमेरिकेत आले तेच मुळी जर्मनीतून. फ्रीड्रिख वोल्फ नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडे नेले. आजही बरीच नावाजलेली यंत्रं जर्मन घराण्यांचीच.

आणि तिथूनच आमच्या ह्यांना आवडणारा भाग सुरू झाला.

“वीज!” असं म्हणून त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. “एका साध्या पलंगात शंभर वॅटच्या चाळीस नळ्या धरल्या तरी चार किलोवॉट. मोठ्यात एकशेसाठ वॅटच्या साठ, म्हणजे साडेनऊच्या वर. असे बारा पलंग. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सगळे एकदम भरतात. आता जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता होऊन बाहेर येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे सगळ्यात साध्या पलंगामागेही एक टनाहून जास्त. बाहेर बर्फ पडतोय आणि आत एसी धडधडतोय!”

“अगंबाई,” माई म्हणाल्या.

“अजून आहे. तिकडे दुकानांच्या रांगेत थ्री फेजची वीज बहुधा २०८ व्होल्टची असते. हे पलंग २३० मागतात. कमी मिळालं की नळ्या मंद. मग पलंगागणिक छोटा ट्रान्सफॉर्मर. जागेत आधी कपड्यांचं दुकान असलं तर मुळात एवढा भारच मंजूर नसतो. नवा पॅनेल, नवी केबल. आणि बिलात नुसती युनिटं नसतात, महिन्यातला सगळ्यात जास्त भार मोजून त्याचा वेगळा आकार असतो. तासगावला एका पार्टीचं कोल्ड स्टोरेज यातच डबघाईला आलं. बेदाणा आत यायच्या आधीच डिमांड चार्ज सुरू.”

हे कोल्ड स्टोरेज मी लग्नापासून ऐकत आलेय. पण या खेपेला मला ते खरंच पटलं. ओहायोतल्या मुलीच्या त्वचेचा रंग आणि तासगावचा बेदाणा एकाच हिशेबात बसतात, हे ह्यांच्याशिवाय कोणाला सुचलं नसतं.

नळ्यांचंही ऐका. त्या जळून विझत नाहीत. पेटत राहतात, निळा उजेडही पडतो, पण आतला जोर जातो. पाचशे ते हजार तासांत साऱ्या बदलायच्या. न बदलल्या तर गिऱ्हाईक म्हणतं पैसे वाया गेले. बदलल्या आणि पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ निजवलं तर गिऱ्हाईक लाल होऊन परत येतं. म्हणून त्वचेचे सहा प्रकार सांगणारा तक्ता लावतात, हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांचा, आणि पहिल्या भेटीत प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतात. पहिल्या प्रकारची माणसं नुसती भाजतात, रंग चढतच नाही. त्यांना दारातूनच परत पाठवायला हवं. ते काउंटरवरच्या वीस वर्षांच्या पोरीने करायचं, जिला मेंबर आणले की इन्सेंटिव्ह मिळतो!

तिसऱ्या दिवशी नाना नळ बंद करून आले. उभेच राहिले.

“अण्णा, मला एक सांगा. लेक-जावई मागतायत. मी बाप आहे, बँक नाही. सात लाखांतले सत्तर हजार आमचे, बाकी तिथली बँक देते. सरकारच्या हमीवर. खोटं आहे का?”

“अगदी खरं,” हे म्हणाले. “एसबीए म्हणतात त्या योजनेला. नव्या धंद्यात मालकाचे किमान दहा टक्के. पण नाना, सरकारची हमी बँकेला आहे, जावयांना नाही. धंद्यात ज्याचा वीस टक्के किंवा जास्त हिस्सा, त्याची वैयक्तिक हमी लागते. अर्धा हिस्सा लेकीच्या नावावर ठेवणार म्हणतायत ना? मग तीही सही करणार. तारण कमी पडलं तर राहत्या घरावर बोजा. या पलंगांचं तारण किती धरतील? जुना पलंग कोण घेतो?”

नाना बसले.

“आणि सातव्या कलमात न दिसणारी रक्कम वेगळीच आहे. जागामालकाचं पत्र बघा. भाडं चौरस फुटाला वर्षाला वीस डॉलर, वर जागेचा कर, विमा, पार्किंगमधला बर्फ काढायचा खर्च यांचा वाटा सात डॉलर. सत्तावीस गुणिले तीन हजार, वर्षाचे ८१,०००. लीज दहा वर्षांची. भाडं एका पैशाने वाढलं नाही असं धरलं तरी आठ लाख दहा हजार. दुकान उभारायला सात लाख आणि जागेची जबाबदारी आठ लाखांवर. दुकान बंद पडलं म्हणून लीज संपत नाही. त्यावरही वैयक्तिक हमी मागितलीय.”

माईंच्या हातातली गवार तशीच राहिली. “मग त्या कलमात भाडं नाही धरलं?”

“धरलंय. तीन महिन्यांचं. कायद्याने सुरुवातीचा काळ किमान तीन महिने धरायचा असतो, बहुतेक कंपन्या तेवढाच धरतात. आता हा धंदा कधी चालतो? जानेवारी ते मे. थंडीचा कंटाळा, मार्चमधली कॉलेजांची सुट्टी, समुद्रावर जायची तयारी, मग शाळांतल्या पोरांचा निरोपाचा नाच. जूनला खरं ऊन पडलं की विकत कोण घेणार? जावई म्हणतायत लीज आत्ता करू. नकाशे, परवाने, बांधकाम यात सहा-आठ महिने. ऐन मेमध्ये उघडलं, तर तीन महिन्यांचं भांडवल ऑगस्टमध्ये संपलं. जानेवारी पाच महिने लांब. मधले पगार, भाडं, हप्ता, विमा, रॉयल्टी कोण देणार? रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोटा झाला तरी द्यायची.”

“मुहूर्त चुकला म्हणायचा,” नाना म्हणाले. गंमत म्हणून नाही.

मला वाटतं, त्या सगळ्या तीनशे पानांत हीच एक गोष्ट होती. बाकीचे खर्च मोठे असले तरी लिहिलेले होते. लिहिलेल्या खर्चाची भीती वाटते आणि माणूस सावध होतो. हे मधले पाच महिने कुठल्याच ओळीत नव्हते.

करांचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर ह्यांनी पाऊण तास घेतला. ओबामांच्या आरोग्य कायद्यातून जुलै २०१० पासून दिव्याखालच्या टॅनिंगवर दहा टक्के केंद्राचा कर आला. आधी प्लास्टिक सर्जरीवर पाच टक्के लावणार होते. डॉक्टर लोकांनी आरडाओरडा केला आणि ते ओझं या पलंगांवर आलं. ओहायोत राज्याचा विक्रीकर आणखी वर. रंग फवारून घेतला तर तो केंद्राचा कर नाही, म्हणून ती फवारायची खोली. आणि मेख अशी की व्यायामशाळेने सभासदत्वातच टॅनिंग दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत, तर तिला हा कर माफ. जावयांनी बघितलेल्या जागेशेजारी काय आहे? जिम. चोवीस तास उघडी. वरच्या सभासदत्वात टॅनिंग मोकळं.

“हे त्या सल्लागाराने नाही सांगितलं?” मी विचारलं.

“तो म्हणाला, जिममुळे गर्दी आयती मिळेल,” माई म्हणाल्या.

रविवारी आमची सून आली. मिरजेला त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिला आम्ही उत्साहाने सगळं सांगत होतो, तर ती ऐकता ऐकता गप्प झाली. मग म्हणाली, “माईआजी, धंद्याचं मला कळत नाही. पण २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही यंत्रं पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत, टाकली आहेत. त्याच गटात तंबाखू आहे, ॲस्बेस्टॉस आहे. तिशीच्या आत ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा, धोका पाऊणपट जास्त दिसला. ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली, ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१५ पासून धंदा म्हणून चालवताच येत नाही. अमेरिकेत २०१४ पासून यंत्रावर ठळक इशारा छापावा लागतो, की अठराच्या आतल्यांनी वापरू नये.”

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना क्षणभर कोणी बोललं नाही. माझ्यापुरता तिथेच विषय संपला होता. पण आमचे हे! कर्जाची फाईल एकदा उघडली की आजारसुद्धा त्यांना बाजारपेठेच्या रकान्यात दिसतो.

“म्हणजे नवं गिऱ्हाईकच तयार होत नाही,” ते म्हणाले. “मी तेच शोधत होतो. २००९ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या शंभरातले साधारण साडेपंधरा विद्यार्थी हे करत होते, २०१७ मध्ये साडेपाचाच्या आसपास. कॅलिफोर्नियात २०१२ पासून अठराच्या आत बंद, टेक्सासात २०१३ पासून. लीज दहा वर्षांची, आणि गिऱ्हाईक?”

“बाबा,” सून म्हणाली, “मी कॅन्सरबद्दल बोलत होते.”

“मीही त्याच्याबद्दलच बोलतोय,” हे म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना ते खरंच वाटत होतं.

विसावं कलम ह्यांनी जावयांना स्वतः फोन करून समजावलं. त्यात किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती दुसऱ्याला विकली याचे वर्षावार तक्ते असतात, आणि गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांची नावं-फोन असतात. एकोणिसाव्यात कमाईचे आकडे देणं कंपनीच्या मर्जीवर, त्यामुळे ते असले तरी हुरळू नये. विसावं तिला द्यावंच लागतं. “चालू दुकानदारांना नंतर फोन करा. आधी गेलेल्यांना करा.”

फोन लेकीने केले. जावई संकोची. दोघांनी उचलले. एकाने तोंड भरून नावं ठेवली, त्याचं फारसं काही हाती लागलं नाही. दुसरी बाई शांत होती. ती म्हणाली, दुकान वाईट नव्हतं, सभासदही होते. मेच्या शेवटी उघडलं. पहिला डिसेंबर क्रेडिट कार्डावर काढला आणि ते कर्ज कधी फिटलंच नाही. नफा व्हायचा तो लोशनच्या बाटल्यांवर. तेच लोशन लोक नंतर घरबसल्या इंटरनेटवरून मागवू लागले. दुकान गेलं, पलंग मिळेल त्या भावाने गेले, भाडं मात्र ती अजून भरतेय. लेकीने विचारलं, पुन्हा करायचं तर काय कराल? म्हणाली, नोव्हेंबरात उघडेन आणि लीजवर नवऱ्याला सही करू देणार नाही.

नानांनी तरी एक ठेव मोडलीच होती. “द्यायचेच म्हटलं तर पाठवायचे कसे?” त्यांनी ह्यांना हळूच विचारलं. माई आत गेल्याचं बघून.

“माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, ती पुरते. पण दहा लाख रुपयांच्या वर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. साठ लाख एकट्याच्या नावाने एकदम पाठवलेत तर पन्नास लाखांवर दहा लाख अडकले. परत मिळतात, विवरणपत्र भरल्यावर, सावकाश. तुमचे थोडे, माईंच्या खात्यातून थोडे, काही मार्चअखेर, काही एप्रिलमध्ये, असे केलेत तर चाळीस लाख त्यातून सुटतात. आणि तिथल्या बँकेला लिहून द्यावं लागेल की ही भेट आहे, उसने नाहीत.”

“म्हणजे परत मागायचे नाहीत?”

“नाहीत.”

“आणि माईंची सही लागणार?”

“त्यांच्या खात्यातले म्हटल्यावर लागणारच.”

माई आत गेल्याच नव्हत्या. दाराआडून म्हणाल्या, “माझ्या खात्यातले पैसे काळं करायच्या दुकानाला जाणार नाहीत.”

लीज झाली नाही. १४ दिवस उलटले, त्यानंतर सल्लागाराचे रोज फोन, आजची सवलत उद्या नाही वगैरे. जावयांनी उचलणं बंद केलं. नोकरी अजून आहे. पण काल माई पुन्हा कुंपणाशी, आता कढीपत्ताही न मागता.

“वहिनी, सल्लागाराने नवीन काढलंय. कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान! म्हणे तिकडे घरोघरी कुत्रे, आणि हिवाळा-उन्हाळा बारमाही धंदा. फी चाळीस हजार.”

मी ओसरीकडे बघितलं. पेपर खाली आला होता, पण ह्यांच्या आधी नानाच फाटकातून आत आले, हातात वही.

“अण्णा, कुत्री वाळवायला वीज किती लागते हो? आणि गरम पाणी?”

“बसा,” हे म्हणाले. “नळजोडणी किती इंची मिळते ते आधी विचारलं का?”